फ्रीजच्या पलीकडचं स्वयंपाकघर

माझ्या धंद्याला नाव नाही. जयपुरातली बाई चित्रं काढते म्हटलं, की समोरचा माणूस हत्ती गृहीत धरतो. हत्ती, उंट, झरोक्यात बसलेली राणी आणि तिच्या हातात कमळ. मी यातलं काहीच काढत नाही. मी लोकांच्या घरातल्या खोल्या काढते. म्हणजे काढत होते. आता उजव्या हाताला कंप आहे. रुंद कुंचला अजून चालतो, बारीक रेघ चालत नाही, म्हणून दोन वर्षांपासून नवं काम घेतलेलं नाही.

कामाची रीत साधी होती. तुम्ही मला बोलवायचं, मी तुमच्या घरी येऊन एका कोपऱ्यात खुर्ची टाकणार, चार-पाच दिवस सगळ्यांच्या पायात येणार आणि मग तुमच्या त्या खोलीचं चित्र करून देणार. गिऱ्हाईक बहुतेक बदलीवालं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत अमरावतीहून इथं आले तेव्हा मी सात वर्षांची होते, त्यामुळे बदलीच्या घराला काय वाटतं ते मला ठाऊक होतं. दर तीन-चार वर्षांनी भिंती सोडून जाणारी माणसं निघताना हळवी होतात. मग कुणीतरी त्यांना माझा पत्ता देतं.

"फोटो काढता येतो की, मग चित्र कशाला?" हा प्रश्न मला प्रत्येक घरात एकदा तरी विचारला गेला. फोटोत खोली आहे तशी येते. चित्रात ती कुठल्या रंगात केली, यावर ती काय सांगणार ते ठरतं. तीच खुर्ची जलरंगात केली तर आत्ता कुणीतरी उचलून नेईल असं वाटतं. तेलरंगात केली तर ती आजोबांच्या वेळेपासून तिथंच आहे असं वाटतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. गिऱ्हाइकांच्या तोंडावर वाचलेलं आहे.

लष्करी वसाहतीतल्या एका मेजरांची बायको नाशिककडची होती. तिला बैठकीची खोली हवी होती आणि सामानाचा ट्रक परवावर आला होता. बैठक कसली, काळ्या ट्रंका एकीला एक लावून त्यावर गादी आणि वर चादर. चादरीखालून ट्रंकेवरचं पांढऱ्या अक्षरातलं नाव दिसत होतं. तेल वाळायला वेळ लागतो, म्हणून मी जलरंग घेतला. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, उजेड हवा तिथं कागद कोरा सोडतात. घाईघाईत माझा जवळजवळ अर्धा कागद कोरा राहिला. चित्र देताना मला लाज वाटत होती. तिनं ते हातात घेतलं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ताई, हे बरोबर आलंय. आम्ही कुठंच पूर्ण राहत नाही." त्या दिवसापासून मी कोऱ्या कागदाला घाबरेनाशी झाले.

याच्या उलट शहरातल्या सोडाला भागातले एक टाइल्सचे व्यापारी. त्यांना त्यांचा हॉल हवा होता आणि हॉलमधल्या मखमली सोफ्यावर दुकानातून आलेलं प्लॅस्टिक तसंच होतं. मी काढायला गेले तर धावत आले. "मॅडमजी, पन्नी मत हटाना. चमक रहेगी." मग काय, मखमलीचा लाल थर आधी वाळू दिला, त्यावर तेलात भिजवलेला पारदर्शक थर दिला आणि जिथं उजेड आपटतो तिथं जाड पांढऱ्याचे चार फटकारे. पारदर्शक थराचं काम इतकं मन लावून मी आयुष्यात केलेलं नाही. चित्र पाहून त्यांच्या म्हाताऱ्या आईनं सोफ्यावर बोट टेकवलं आणि मला विचारलं, "बैठो तो आवाज भी करेगा क्या?" मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

थोडं माझ्या शिक्षणाबद्दल सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावर उभी आहे. कॉलेजात मी तेलरंग शिकले. कॅनव्हासला आधी तपकिरी अस्तर द्यायचं, त्यातून वस्तू हळूहळू उजेडात आणायच्या. अंधार पातळ ठेवायचा, उजेड जाड. नको ते अंधारात सोडून द्यायचं. त्यातच तेलरंगाची गंमत आहे. पुढे चाळिशीत, जुन्या शहरातल्या एका उस्तादजींकडे मी दगडी रंग शिकले. हिंगूळ, हरताळ, गेरू, खडू असे खनिजांचे तुकडे खलात दिवसच्या दिवस घोटायचे, धुवायचे, डिंकात कालवायचे. कागदावर कागद चिकटवून पुठ्ठ्यासारखा जाड ताव करतात, त्यावर हे रंग सपाट लावतात. मग चित्र संगमरवरावर पालथं घालून मागून अकीकाच्या गोट्यानं घोटतात. घोटलं की रंग कागदात बसतो आणि मीनाकामासारखा तुकतुकीत होतो. शेवटी वरून बारीक रेघा.

या रंगात सावली नसते. रात्र दाखवायची असेल तरी सगळं स्वच्छ दिसतं, फक्त एक समई पेटलेली असते. ताट वरून दिसतं, माणूस बाजूनं, बाग समोरून, सगळं एकाच कागदावर. कॉलेजात असताना मी त्याला चूक म्हटलं असतं. उस्तादजींना मी पहिल्या आठवड्यात विचारलंही होतं, की बघणारा नेमका उभा कुठं आहे. त्यांनी खल थांबवला नाही. "बेटी, घर अपने आप को देख रहा है," एवढं म्हणाले. मला ते सुंदर वाटलं आणि अजिबात कळलं नाही. पंधरा-वीस वर्षं मी लोकांना चांगलं काम तेलातच करून देत राहिले. दगडी रंग माझ्या हौसेचे.

मग सहा वर्षांपूर्वी थोरातांचं काम आलं.

स्नेहल थोरात प्रताप नगरमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायची. जन्म जयपूरचा, मराठी घरापुरतं. ती माझ्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "मावशी, आई-बाबा कराडला शिफ्ट होतायत. कायमचे. फ्लॅट विकला, मतलब, विकल्यातच जमा आहे. मला आईचं किचन पाहिजे. आई त्यात उभी आहे, असं."

"आईला विचारलंस?"

"ती नाही म्हणेल. म्हणून आधी तुम्हाला विचारलं."

वसंतराव थोरात विमा कंपनीतून निवृत्त झालेले अधिकारी. उंच, शांत, दुपारीही इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांची पत्नी शकुंतलावहिनी कराडजवळच्या गावच्या. एकतीस वर्षं दोघं त्याच हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटमध्ये राहत होते. मी गेले तेव्हा वहिनी खरंच नाही म्हणाल्या, पण लेकीचं तोंड पाहून तयार झाल्या. "मी माझं काम करत राहीन हो. मला हलू नका म्हणू नका."

स्वयंपाकघर अरुंद, आगगाडीच्या बोळासारखं. दारातून आत गेलं की डाव्या हाताला लगेच मोठा फ्रीज, त्याच्या पलीकडे ओटा, अगदी शेवटी खिडकी. आत दुसरं माणूस मावणार नाही असं वाटलं, म्हणून खुर्ची मी दारात टाकली. तिथून पाहिलं आणि माझा जीव हरखून गेला. पुढे फ्रीजची काळोखी बाजू, त्याच्याआड अर्ध्या लपलेल्या वहिनी, पाठमोऱ्या, आणि टोकाच्या खिडकीतून येणारा उजेड फक्त त्यांच्या एका गालावर, कानातल्या कुडीवर आणि पातेल्याच्या काठावर. ट्यूबलाइट मी बंद करायला सांगितली. तेलरंगासाठी असा देखावा मागून मिळत नाही. नऊ दिवस मी तिथं बसले आणि नंतर घरी दोन महिने थर देत राहिले. इतकं चांगलं काम माझ्या हातून क्वचित झालंय. हे मी आजही म्हणते.

रविवारी सकाळी चित्र घेऊन गेले. पोहे झाले, चहा झाला, कापड काढलं. स्नेहल रडायलाच लागली. थोरातसाहेब चष्मा पुसून म्हणाले, "वा! एखाद्या संग्रहालयातलं वाटतंय."

शकुंतलावहिनी बराच वेळ पाहत राहिल्या. मग कपबश्या गोळा केल्या, आत नेऊन ठेवल्या, परत आल्या, पुन्हा पाहिलं.

"ताई, एक विचारू? त्या दिवशी लाइट गेली होती का?"

आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "बाई छान काढलीय. पण ही कोण आहे? हिला काय झालंय?"

"अगं, कलाकृती आहे ती," थोरातसाहेब म्हणाले.

"असेल की. मी कुठं नाही म्हणते? पण मी अशी नव्हते. एवढी वर्षं मी आत अशी अंधारात उभी होते, असं वाटेल बघणाऱ्याला."

मी मग त्यांना छायाप्रकाश समजावून सांगितला. अंधार असल्याशिवाय उजेड कळत नाही वगैरे. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. आगाऊ पाहुण्याचं बोलणं बायका जशा ऐकून घेतात, तसं त्यांनी ऐकून घेतलं. निघताना माझ्या हातात चकल्यांचा डबा दिला. दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "राग मानू नका ताई. तुम्ही दारात बसला होता ना, म्हणून. मी आत होते. आतून एवढा अंधार नाहीये."

राग मी मानलाच. तीन दिवस मानला. बाईला चित्रातलं काय कळतं, असं मनात म्हणून झालं. चकल्या मात्र संपल्या. रिकामा डबा परत करणं भाग होतं, म्हणून चौथ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला गेले. थोरातसाहेब बँकेत गेले होते. "आत या की," स्वयंपाकघरातून आवाज आला. वहिनींचे हात पिठात होते. डबा ठेवायला म्हणून मी फ्रीजच्या पलीकडे गेले.

नऊ दिवस मी त्या दारात बसले होते आणि पलीकडे एकदाही गेले नव्हते.

वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक चौकोन सरळ ओट्यावर पडला होता. कोटा दगडाचा ओटा पुसून पुसून इतका गुळगुळीत झाला होता, की त्या उजेडानं सगळे डबे खालून उजळले होते. फ्रीजच्या आतल्या बाजूला, म्हणजे दारातून न दिसणाऱ्या बाजूला, एक ठेंगणं लाकडी स्टूल. त्याच्यावरच्या भिंतीत खिळा आणि खिळ्याला तारेत ओवलेली पोस्टकार्डं, कणसासारखी जाड. स्टुलाशेजारी भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा. स्नेहल दुसरी, स्नेहल पाचवी, स्नेहल आठवी. पाठीशी फ्रीजची ऊब, समोर ओटा, हात लांबवला की मिसळणाचा डबा. मी त्या स्टुलावर बसले. खरंच, कुठंच अंधार नव्हता.

"हे ऊन रोज येतं?"

"चाळीस मिनिटं. मग शेजारच्या टाकीआड जातं," वहिनी म्हणाल्या. "हीच माझी खोली. बाहेरच्या दोन यांच्या."

"मी पुन्हा काढू का?" मी विचारलं.

त्यांनी पिठाचे हात धुतले. "काढा. पण ते अर्धं काळं नको. इथं बसलं की मला सगळं एकदम दिसतं. तसं सगळं दिसू द्या."

उस्तादजींनी वीस वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं, ते मला त्या स्टुलावर कळलं. तेलरंगात बघणारा एका जागी उभा राहतो, आणि त्याला दिसत नाही ते अंधारात जातं. ते अंधारात नसतंच मुळी. तो फक्त चुकीच्या जागी उभा असतो.

मी दगडी रंग बाहेर काढले. या वेळी दारात खुर्ची टाकली नाही. रोज सकाळी तासभर स्टुलावर बसायचे, वहिनी सांगतील ते टिपून घ्यायचे आणि घरी जाऊन रंगवायचे. त्या माझ्यापेक्षा कडक निघाल्या. "डबा वरून काढा, आतलं दिसलं पाहिजे. मिक्सर बाजूनं. तवा असा नसतो, उभा असतो, भिंतीला टेकून." स्टीलसाठी मी चांदीचा वर्ख वापरत नाही, काळा पडतो, म्हणून कथलाची पूड लावली. हळदीसाठी हरताळ लावला तर म्हणाल्या, "ही जयपूरची हळद झाली. माझी माहेरून येते, जरा लालसर असते." चिमूटभर गेरू मिसळला, मग पसंत पडली. तिखटाला हिंगूळ. स्नेहल ते ऐकून ओरडलीच. "मावशी, हरताळ म्हणजे आर्सेनिक! आणि हिंगूळ म्हणजे पारा! या डब्यातलं काही कुणी भाजीत घालू नका."

माणूस काढायची वेळ आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मी कशाला? मी स्वतःला कुठं बघत होते इथं? मी बसलेय आणि बघतेय. तसंच राहू द्या." मी ऐकलं. चित्र पुरं केलं, पालथं घालून घोटलं, सरळ करून वर रेघा दिल्या. पोस्टकार्डांच्या कडा, पेन्सिलीच्या खुणा, खिसणीची भोकं. हाताला कंप नुकता सुरू झाला होता. भोकं श्वास रोखून काढली.

जानेवारीत चित्र घेऊन गेले. घर निम्मं बांधून झालं होतं. या वेळी वहिनी खाली वाकून, नाक लावून पाहत राहिल्या. "अगंबाई, चिमटासुद्धा!" पदरानं डोळे टिपले आणि बाजूला झाल्या, म्हणजे साहेबांना दिसावं.

थोरातसाहेबांना काही ओळखीचं सापडेना. "हे स्टूल कुठलं?"

"तुम्हीच आणलेलं. बल्ब बदलायला. बल्ब तुम्ही एकदा बदललात, मी रोज बसते."

"आणि ही पत्रं?"

"अक्काची. माझ्या बहिणीची."

"एवढी? मला वाटायचं तू वाचून टाकून देतेस."

"तुम्ही कधी विचारलंत?" त्या सहज म्हणाल्या. त्यात भांडण नव्हतं.

साहेब चित्र हातात धरून उभे राहिले. मग उठून गेलेल्या माणसाला शोधावं तसं त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "पण शकुंतला कुठाय यात?"

"त्या नको म्हणाल्या," मी सांगितलं. "हे त्यांना दिसतं तसं आहे."

"म्हणजे तिला इथून एवढं सगळं दिसतं." ते पुन्हा चित्राकडे वळले. त्यांची नजर ओट्यावरून फिरून फ्रीजपाशी येऊन थांबली. "मी नाहीये ते बरोबरच आहे. मी कधी गेलोच नाही की तिकडं."

स्नेहल खोके बांधायची दोरी बोटाला गुंडाळत बसली. साहेब वाईट माणूस नव्हते. कधी ताटावरून आवाज चढवला नाही की कशाला नावं ठेवली नाहीत. दारात उभं राहून चहा मागायचे आणि मिळाला की घेऊन जायचे. एवढंच, पण एकतीस वर्षं.

मग त्यांनी मला विचारलं. इतका मोठा अधिकारी माणूस, पण शाळेत नाव घालायला आल्यासारखा आवाज लागला होता. "ताई, मला घेता येईल का यात? आत कुठंतरी?"

मला सांगावं लागलं, की नाही. तेलात वाटेल तेव्हा माणूस घालता येतो, आधीच्या थरावर नवा थर बसतो आणि कुणाला कळत नाही. इथं घोटाई होऊन गेली होती, वर रेघा आल्या होत्या. आता पुन्हा घोटलं तर रेघा फिसकटणार. न घोटता माणूस काढला तर सगळं चित्र तुकतुकीत आणि तो एकटा भुरका, कोरडा दिसणार. ठिगळ लावल्यासारखा. "कुणालाही कळेल, की हा नंतर घातलाय," मी म्हटलं.

साहेबांनी मान हलवली. "मग राहू द्या. एवढं छान झालंय, कशाला बिघडवायचं?"

"घाला हो ताई," शकुंतलावहिनी म्हणाल्या. त्या हसत होत्या. "उशिरा आला तो माणूस. उशिरा आल्यासारखाच दिसू दे."

मग प्रश्न आला, की काय करताना काढायचं. साहेब म्हणाले, पेपर वाचताना. वहिनींनी तो मुद्दा निकालात काढला. "मटार सोलताना. हंगाम आहे." जवळच्या बस्सी गावाकडचा मटार गाडीवर घेऊन एक भैया रोज कॉलनीत यायचा. स्नेहलनं दोन किलो आणला. इस्त्रीच्या शर्टावर मरून स्वेटर घातलेले थोरातसाहेब फ्रीज ओलांडून आत गेले, गुडघ्यांना हात लावत खाली बसले. वहिनी स्टुलावर, ते त्यांच्या पायाशी, मध्ये परात. मी ओट्याला टेकून, वही धरून उभी.

त्यांना शेंग सोलता येत नव्हती. पाठीकडून फोडत होते, दाणे उडत होते. वहिनींनी वाकून एक शेंग दाखवली. "इथं शिवण असते. इथं दाबायचं, उघडते." पुढची त्यांना जमली. आतले दाणे त्यांनी परातीत टाकायच्या ऐवजी तोंडात टाकले.

"अहो, हे असं केलं तर उसळ कधी व्हायची?"

थोड्या वेळानं खिळ्याकडे बघत ते म्हणाले, "एखादं वाच की."

वहिनींनी तारेतून मधलंच एक कार्ड काढलं आणि वाचलं. अक्कानं लिहिलं होतं की विहिरीला पाणी कमी आहे, तांबड्या गाईला कालवड झाली, तिचं नाव स्नेहलच्या नावावरून ठेवलंय, तू रागावू नकोस. साहेब शेंग हातात धरून ऐकत राहिले. "कालवडीचं नाव स्नेहल ठेवलं होतं? हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही चहा घेऊन गेला होता."

स्नेहल बाहेरून ओरडली, "मतलब, मी गाय आहे?" आणि मग त्या बोळात असं हसू झालं, की मला रेघ मारता येईना. ते दोघं तसेच बसलेले मी डोळ्यांनी टिपून घेतले. वही अर्धीच भरली.

थोरात कराडला गेल्यानंतर मी माझी जुनी चित्रं मनातल्या मनात पुन्हा पाहिली. कितीतरी घरांत मी दारातच खुर्ची टाकली होती. किती बायका पाठमोऱ्या आणि अर्ध्या काळोखात काढल्या, आणि लोकांनी त्यातली उदासी वाखाणली. ती उदासी त्यांची होती की माझ्या तपकिरी अस्तराची, हे आता कुणाला विचारणार? ती घरं सगळी बदलून गेली. थोरातांचं तेलरंगातलं चित्र स्नेहलनं नेलं. तिच्या हॉलमध्ये आहे, येणारा प्रत्येक जण थांबून बघतो. वाईट चित्र नाही ते. दारातून ते घर तसंच दिसत होतं.

दुसरं चित्र मी त्यांच्या निघायच्या दोन दिवस आधी पोचवलं. मरून स्वेटरसाठी गेरूत काजळी घातली होती, परातीतल्या मटारला हिरवा. नंतर घातलेलं ते सगळं कोरडं, न घोटलेलं. घरात फक्त खोकी उरली होती. थोरातसाहेब स्वयंपाकघरात जमिनीवर बसून काचेच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. वहिनी उभ्या होत्या, ओट्यावरचा शेवटचा पसारा आवरत. झरोक्यातलं ऊन आलेलं होतं.

त्यांनी हात पुसून चित्र घेतलं आणि उन्हात तिरकं धरलं. तिरकं धरलं की घोटाई कळते. डबे चकाकले, ओटा चकाकला, फ्रीज चकाकला. खाली, स्टुलाच्या पायाशी, एक भुरका माणूस तेवढा चकाकला नाही. साहेबांनी कागद इकडून तिकडून फिरवून पाहिला. कुठल्याही बाजूनं ठिगळ लपत नव्हतं.

"दिसतोय की मी," ते म्हणाले.

"दिसताय," शकुंतलावहिनी म्हणाल्या. "आता जरा सरकून बसा. मला ओट्याकडं जायचंय."